राजपार्ट आणि पंखोजी

"आवाज बंद कर आधी त्येचो," बाबा म्हणाले.

पडद्यावर तांबड्या पंखांचा एक तगडा माणूस ढगांतून सूर मारत खाली येत होता. खाली अख्खं शहर बर्फाने गोठलेलं, आणि हिंदीत कुणीतरी मानवजातीला वाचवण्याच्या गोष्टी गरजून सांगत होतं.

"आवाज बंद केलंय तर कळतला काय?" मी विचारलं.

"कळूचा काय त्येच्यात? ह्यो वरसून खाली इलो म्हणजे खालचो कोणतरी मरूचो असा. त्येका आवाज कित्याक होयो? आणि ह्या आवाजाक पोटच नाय गे. निसतो गळ्यातसून येता."

मी आवाज बंद केला. बाबा खुर्चीतून उठले. तशी ती खुर्ची त्यांच्या वाट्याला फार वेळ येतच नव्हती. सकाळपासून ओटीवरून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आणि खळ्यातून ओटीवर अशा त्यांच्या फेऱ्या चालल्या होत्या. आता ते खुर्चीच्या मागे उभे राहिले, एक हात कमरेवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर, आणि तो पंखवाला बर्फातल्या राक्षसासमोर उतरून तोंड उघडतो न उघडतो तोच बाबांच्या पोटातून आवाज निघाला.

"थांब, हिमखंडाच्या उदरी जन्मलेल्या पामरा! ज्या नगरीच्या वेशीवर तू उभा आहेस, त्या नगरीचा सूर्य मी अजून मावळू दिलेला नाही!"

ओटीवरची भांडी वाजली की काय, असं मला वाटलं. पडद्यावरच्या माणसाचे ओठ नेमके त्याच वेळी मिटले. राक्षसाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यालाही बाबांनी वेगळा, घोगरा आवाज दिला. मी टाळ्या पिटायला लागले. आई हातात डाव घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

"घसो सुटलो!" ती म्हणाली. "बघ गे चित्रा, तुझ्या बापाशीचो घसो सुटलो!"

बाबा तिथल्या तिथे थांबले. गळ्याला हात लावला, खाकरले, "नाय, दुखता," असं पुटपुटले आणि चपला न घालताच खळ्यात निघून गेले. पडद्यावर पंखवाला आणि राक्षस मुक्यानेच एकमेकांना बदडत राहिले.

माझं पूर्ण नाव चित्रांगदा दत्ताराम राऊळ. दशावतारातल्या राजपार्टाच्या मुलीचं नाव दुसरं काय असणार? माझे वडील तवटे मालकांच्या कंपनीत ऐन तारुण्यापासून राजा होते. आमच्याकडच्या दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. मालक संध्याकाळी आख्यान सांगतो, कोण कोणता पार्ट करणार ते ठरतं, आणि पुढचं सगळं ज्याने त्याने उभ्या उभ्या बोलायचं. रंगमंचावर एक लाकडी बाकडा. तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. समोरचा काय बोलला ते ऐकायचं आणि त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचं, एवढाच नियम. बाबा त्यात असे तरबेज, की समोरचा नट घामाघूम व्हायचा.

मला असे सिनेमे आवडतात ते त्यांच्यामुळेच. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, शिकली-सवरलेली बाई तू, ती उडणारी माणसं कसली बघत बसतेस? त्यांना काय सांगायचं? मी लहानपणी माझ्या बापाला त्या बाकड्यावरून उडी मारून लंकेत उतरताना पाहिलं होतं. माझ्यासाठी ते खरंच उडणं होतं.

आणि हा माणूस चैत्रापासून घरात बसला होता. घसा धरलाय म्हणायचा. हंगाम संपता संपता तक्रार सुरू झाली, पावसाळा गेला, चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधून झाली, दसरा आला, तरी घसा काही सुटेना. कार्तिकात जत्रा सुरू होणार. त्याआधी मालक प्रत्येक नटाच्या घरी येऊन पाटावर नारळ ठेवतो. नटाने तो उचलला की तो त्या हंगामापुरता कंपनीचा. बाबांच्या पाटावर नारळ ठेवायला मालक येत्या शनिवारी येणार होते, आणि बाबा तो उचलणार की नाही हे देवालाच ठाऊक होतं. आईने मला दसऱ्याला म्हणून बोलावलं आणि मग जाऊ दिलं नाही. "तुझो लॅपटॉप हय चलता मा? मगे ऱ्हव. माणूस घरात बसान कुजता गे."

कुजत होतेच ते. धड झोप नाही, धड जेवण नाही. माडाच्या आळ्यात पाणी सोडून यायचे आणि परत सोडायला जायचे. घसा दुखतो म्हणून डॉक्टरकडे चला म्हटलं, तर अंगावर यायचे.

त्यात गावाला वाटत होतं, की राजा नखरे करतोय. चैत्रातल्या शेवटच्या जत्रेत बाबांनी चंद्रकेतू राजाचा पार्ट केला होता. त्या आख्यानात युवराज लढाईत मारला जातो. दूत येऊन सांगतो, राजा छाती पिटून रडतो, पेटीवाला एक पद म्हणतो. त्या दिवशी हे सगळं झालं, बाबांनी लोकांना रडवलं, आणि मग राणीशी दोन वाक्यं बोलून ते बाकड्यावर बसले. तिथून शांतपणे दूताला म्हणाले, "युवराज अजून परतले नाहीत? वेशीचं दार उघडं ठेवा." पखवाजवाल्याचा हात जागीच थांबला. सेनापती झालेला बाबल पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "महाराज, युवराज आता येणार नाहीत." तेव्हा बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की समोर बसलेल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं. मुंबईच्या चाकरमान्यांनी ते इतकं पाठवलं, की मला पुण्यात ते तिघांकडून आलं. दुःखाने भ्रमिष्ट झालेला राजा! असा अभिनय गेल्या पन्नास वर्षांत झाला नाही, असं जो तो म्हणत होता.

आणि असा नट घसा धरून घरी बसलेला. आईच्या जिवाची घालमेल मला समजत होती.

सिनेमे मी सुरू केले ते केवळ त्यांच्या फेऱ्या थांबाव्यात म्हणून. ओटीवरच्या टीव्हीला माझं इंटरनेट जोडलं आणि दुपारचं काम आटोपलं की एकेक लावायचा सपाटा लावला. एका पोरीच्या अंगावरून विजा निघायच्या, तो त्यांना नाही आवडला. "पोरगी बरी असा, पण तिका समोर कोण तोलामोलाचो नाय." एक जादूगारांचा होता, त्यात पोथी उघडून मंत्र म्हणायचे. "पोथी बघान मंत्र म्हणता तो कसलो ऋषी?" असं म्हणून ते गुरांना पेंड घालायला उठून गेले. मग हा तांबड्या पंखांचा सापडला. त्याचं इंग्रजी नाव बाबांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याला पंखोजी म्हणायला सुरुवात केली. गोठवणारा तो बर्फासुर. आणि पंखोजीचे पंख घडवणारा, त्याला लहानपणापासून सांभाळलेला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता, तो लोहारमामा.

लोहारमामावर बाबांचा भारी जीव. "ह्येका बघ. दोन वाक्या बोलता, पण आख्खो पिच्चर ह्येच्या खांद्यार असा."

पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी बाबा थोड्या वेळाने खळ्यातून परत आले, आणि शेवटाकडे आम्ही तिघंही पुढे सरकून बसलो होतो. पंखोजी जखमी होऊन वेशीवर टेकतो. लोहारमामा त्याचा पंख दुरुस्त करायला वाकतो, आणि दुरुस्त करायच्या ऐवजी मुख्य बिजागरीच उपटून काढतो. मग तोच म्हातारा उठतो आणि बर्फासुरासाठी वेशीचं दार उघडतो.

"आगे! ह्यो?" बाबा ओरडले. "ह्यो आपलोच माणूस मरे! हातान घास भरवल्यान त्येना!" आणि ते मटकन खाली जमिनीवर बसले. आई हसून हसून भिंतीला टेकली. "पिच्चर असा हो तो," ती म्हणाली. पण बाबांना पुढचं काही दिसलं नाही. पंखोजी एका पंखावर उडून सगळं ठीकठाक करतो, त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नवा शोधत होते, तर म्हणाले, "कालचोच लाव."

तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. त्या आठवड्यात आमच्या ओटीवर पंखोजीशिवाय कुणी उडलं नाही. आवाज बंद, आणि बाबा खुर्चीमागे उभे. मला वाटलं, ही तालीम चाललीय. घसा सुटतोय की नाही ते घरातल्या घरात आजमावून बघतायत. आणि तालीम तरी कशी! एकदा बोललेलं वाक्य परत नाही. एके दिवशी पंखोजी वनवासातला राजपुत्र होता, दुसऱ्या दिवशी गुरूच्या शापाने पृथ्वीवर पडलेला गंधर्व. बर्फासुराला कधी मत्सर, कधी भूक, आणि एकदा तर त्याला चक्क मुलगी उजवायची होती, तिच्या लग्नासाठी त्याला हे शहर आंदण द्यायचं होतं! आईच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. आम्ही दोघी रोज दुपारची वाट बघायला लागलो. लोहारमामाने दगा दिला की बाबा रोज दचकायचे, रोज "आपलोच माणूस!" म्हणून कळवळायचे, आणि आम्ही दोघी रोज टाळ्या वाजवायचो.

सिनेमा संपला की मात्र तेच. घसा दुखतो. मग खळ्यात येरझाऱ्या. मी एकदा विचारलं, "बाबा, घसो दुखता तर ह्या सगळा कसा बोलतंस?" तर म्हणाले, "तू तुझा काम बघ."

आईने मात्र मला न विचारता मालकांना फोन केला. "खणखणीत असा घसो. तुमी नारळ घेवन येवा. घरात बर्फासुर मारतत रोज," असं सांगून ती हसली. मी तिला इतकं हलकं फार दिवसांनी बघत होते. मालक नक्की येणार, बाबा नक्की नारळ उचलणार, आणि मी रविवारी निश्चिंत मनाने पुण्याला जाणार, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

शुक्रवारी आई शेजारच्या वाडीत हळदीकुंकवाला गेली होती. ओटीवर आम्ही दोघंच होतो. ऑफिसचा एक फोन आल्यामुळे मी टीव्हीकडे पाठ करून दाराशी उभी होते, आणि फोन संपवून वळले तेव्हा पडद्याच्या ऐवजी बाबांचा चेहरा माझ्यासमोर आला. लोहारमामा पंखावर वाकला होता. बाबा लोहारमामाच्या आवाजात पंखोजीला धीर देत होते. "उगी, लेकरा, उगी. मी आहे ना." इतकं मायेचं. आणि म्हाताऱ्याच्या हाताने बिजागरी उपटली तेव्हा ते वाक्य बाबांच्या तोंडात अर्धवट राहिलं. त्यांचा हात आपोआप पुढे गेला, जणू तो म्हाताऱ्याचा हात धरणार होता.

"आगे! ह्यो? ह्यो आपलोच माणूस मरे..."

रोजच्या सवयीने मी हसले. "बाबा, तू दरखेपेक कसो रे इतको दचकतंस? कितीदा बघलंस हो पिच्चर!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"कितीदा?"

"म्हणजे?"

"कितीदा बघलंय गे मी? सांग."

"रोजच बघतो आपण, बाबा."

"आणि ह्यो लोहार... रोज ह्या असाच करता?"

मी मान हलवली. बाबांनी रिमोट उचलला, त्यावरची बटणं बघितली, परत ठेवला, आणि जाऊन भिंतीतला प्लगच उपटला. मग ते खळ्यात गेले. मीही त्यांच्या मागे गेले.

ते विहिरीच्या कठड्याला टेकून उभे होते.

"रोज सकाळी उठान त्येचो शेवट आठवूक बघतंय," ते म्हणाले. "पंखोजी आठावता. त्येचा उडणा आठावता. तो लोहार पंख ठोकता, ता पण आठावता. मगे सगळा धुका. दुपारी बघतंय, म्हणतंय, आता ऱ्हवतला डोक्यात. सकाळी परत धुका."

"म्हणान तू रोज तोच लाव म्हणतंस?"

"नवो लावलंस तर माका कळतला कसा?"

मी त्यांचा हात धरला. लहान असताना जत्रेत धरायचे तसाच घट्ट.

"पण बाबा, आख्यानां? तुका तर रामायण, महाभारत..."

"ती खंय जातली? ती सगळी असत. पांडवांचा अज्ञातवास इचार, आत्ता उभ्या उभ्या सांगतंय. जुना सगळा जाग्यार असा. नवा ऱ्हवना नाय. समोरच्यान आत्ता काय सांगल्यान, ता मी वळान बाकड्यार बसासर हातातसून जाता. आमच्या धंद्यात समोरच्याचाच तर ऐकूक होया."

"घसो?"

"घश्याक काय धाड भरली?"

डॉक्टरकडे जाऊया, मी म्हटलं. पुण्याला चला, तिथे चांगले डॉक्टर आहेत, औषधं आहेत. मी भराभर बोलत सुटले होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "जावया," ते म्हणाले. "पण उद्या मालक येतले. तेंचा होवन जांव दी. आणि तुझ्या आवशीक तू सांगू नको. ता माझा काम असा."

रात्रभर मी कुशी बदलत राहिले. आई शेजारी गाढ झोपली होती. झोपण्यापूर्वी तिने पाट धुऊन, पुसून भिंतीला उभा करून ठेवला होता.

तवटे मालक दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळाला गंध. माणूस मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा. आईने पाट मांडला, मालकांनी त्यावर तांदूळ टाकून नारळ ठेवला आणि स्वतः खुर्चीत बसून मांडीवर थाप मारली.

"राजा, औंदाचो हंगाम तुमच्याच गावच्या जत्रेपासना. आणि चंद्रकेतूच लावतलंय. मुंबयसून फोनार फोन येतत. ता 'दार उघडं ठेवा' लोकांका होया."

"ता होया?" बाबा म्हणाले.

"ताच होया! पयल्या जत्रेक होया, दुसऱ्या जत्रेक होया, रोज होया. तुमचो घसो बरो झालो, वयनीनी सांगलानी माका. आता ता बसवन टाका. दरखेपेक तशाच, त्याच जाग्यार."

आई चहाचे कप घेऊन दारात आली होती. हसत होती. मी भिंतीशी उभी होते आणि काय होणार ते मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. पण मला सगळं माहीत नव्हतं.

"मालक," बाबा म्हणाले, "ता रोज जमात काय नाय, ता माका सांगूक येवचा नाय. आणि रोज जमला, तर त्येचीच माका भीती असा."

"म्हणजे कसा?"

"ता नाटक नव्हता."

मालकांचं हसू अर्धं राहिलं. त्यांना वाटलं असावं, राजा काहीतरी खोल बोलतोय. मोठे नट असं बोलतात.

"नाटक नव्हता," बाबा परत म्हणाले. "दूतान माका सांगल्यान, युवराज, माझो झिल, मेलो. मी रडलंय. राणीकडे वळलंय, दोन वाक्या बोललंय, बाकड्यार बसलंय. आणि झिल मेलो ता माका आठवलाच नाय. माका वाटला, झिल लढाईक गेलो हा, येतलो. म्हणान मी म्हटलंय, दार उघडा ठेवा. बाबल पुढे इलो, गुडघ्यार बसलो, माका सांगल्यान, येवचे नाय. तेवा माका परत कळला. लोकांनी टाळ्यो वाजवल्यो."

मालक बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबलने तेव्हा त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाबल आजतागायत कुणालाच काही बोलला नव्हता.

पहिली बोलली ती आई. तिने कपांचा ट्रे जमिनीवर आपटला. चहा पाटापर्यंत वाहत गेला.

"सा म्हयने!" ती म्हणाली. "सा म्हयने ज्येष्ठमध उगाळून दिलंय मी तुमका! हळद दिलंय, मध दिलंय, रवळनाथाक घश्यासाठी सांगणा केलंय! घश्यासाठी! देवाकव खोटा सांगूक लावलात माका!"

"सांगतलंय कसा गे तुका?" बाबा म्हणाले. त्यांचा तो पोटातून येणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "सांगलंय आणि दुसऱ्या दिवशी इसारलंय, तर? तू रडतलंस, आणि मी तुका इचारतलंय, काय झाला गे म्हणान."

आई जिथे उभी होती तिथेच खाली बसली. तिने पदराने चहा पुसायला सुरुवात केली. पुसत राहिली. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली, आणि बाबांना कुणी मिठी मारत नाही म्हणून स्वतःचाही राग आला.

मालकांनी घसा खाकरला. आपल्याला काय करायला हवं हे त्यांना कळत होतं, पण हात होत नव्हता. शेवटी ते वाकले आणि पाटावरच्या नारळाला त्यांनी हात घातला. त्याआधीच बाबांनी नारळावर तळवा ठेवला होता.

"न्हेव नकात."

"राजा, पण तुमीच आता..."

"पार्ट बदला. चंद्रकेतू बाबलाक देवा. त्येना माका त्या दिसा सांबाळल्यान, तो पेलतलो. माका गणपती देवा."

सांगायला हवं, की आमच्याकडे आख्यानाच्या आधी गणपती येतो. मुखवटा घालून येतो, बाकड्यावर बसतो, भटजी पूजा करतो, आरती होते, गणपती आशीर्वाद देऊन जातो. त्याला बोलायचं काहीच नसतं. कंपनीत जो नवा येतो, ज्याला अजून बोलता येत नाही, त्याच्या वाट्याला तो पार्ट जातो.

"राजपार्टान गणपती करूचो?" मालक म्हणाले. "गाव काय म्हणात? नव्या पोरग्याचो पार्ट तो!"

"नव्या पोरग्याक कित्याक देतात? त्येका काय येना नाय म्हणान. माझाव आता तसाच. समोरचो काय बोललो ता आठवूक नको, उत्तर देवक नको. बसान ऱ्हवूचा. मालक, मी घरात बसान ऱ्हवलंय तर मरतलंय. थंय बसूक देवा."

मालकांनी नारळावरचा हात काढून घेतला. त्यांचे डोळे भरले होते. बाबांनी नारळ उचलला आणि कपाळाला लावला.

नंतर मी बाबांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं, गोळ्या दिल्या. त्यांनी फार फरक पडणार नाही हेही सांगितलं. कार्तिकात मी रजा टाकून गावच्या जत्रेला गेले. पालखी फिरून आली, पेटी वाजली आणि पडदा सरकवून गणपती आला. एका बाजूला ऋद्धी, दुसऱ्या बाजूला सिद्धी, दोघींनी दोन हात धरलेले. रीतच तशी आहे, त्यामुळे लोकांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. लोक उठून नमस्कार करत होते. राजा मुखवट्याखाली आहे हे बहुतेकांना माहीत होतं आणि राजाला एवढा मान सोडून हे काय सुचलं, अशी कुजबुज माझ्या मागे चालली होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी मुखवट्याकडे बघत होते. तो जरासा डावीकडे वळला, मग उजवीकडे. पुढे काय, हे शोधणारी ती मान मी ओळखली. बाबांनी बाकड्यावरून उठण्यासाठी दोन्ही हात टेकले.

तेवढ्यात आई पुढे झाली. चार बायका गणपतीला ओवाळायला आणि फुलं वाहायला जातातच, त्यांच्यात ती होती. सगळ्या आयुष्यात ती कधी रंगमंचाच्या जवळ गेली नव्हती, मागे चटईवर बसून नाटक बघायची. आज ती सगळ्यांच्या पुढे होती. तिने बाबांच्या पायांवर फूल ठेवलं, डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. तिचे ओठ हलत होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "घोवासाठी आयुष्य मागता हा बिचारी."

गणपतीचे हात परत मांडीवर आले. भटजीने आरती सुरू केली, आणि सगळ्या जत्रेने टाळ्यांचा ठेका धरला.

आई परत आली तेव्हा मी तिला विचारलं, "काय मागलंस गे देवाक?"

"काय मागूक नाय," ती म्हणाली. तिची नजर बाकड्यावरून हलली नव्हती. "सांगलंय. म्हटलंय, आता आरती होवची असा, इतक्यात उठू नकात. झाली की मी येतंय सांगूक."

आणि आरती संपायच्या आधीच ती दुसरं फूल घेऊन उठली.